प्रकाशाचा वेग मुद्दाम कमी करून मिळतं तरी काय?

मागवाला_पूर्वभाग
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा काढावा की नाही, असा आठवडाभर विचार केला, कारण विषय माझ्या धंद्यातला नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडला माझे जकॉर्ड माग आहेत, टॉवेल आणि चादरी काढतो. शिक्षण बी.कॉम. धाकट्या भावाची मुलगी इथंच आपल्या विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सला आहे, आमच्याकडंच राहते. तिच्या प्रकल्पाचा विषय आहे 'स्लो लाइट'. सिलिकॉनच्या चिपवर प्रकाश हळू चालवायचा आणि त्याचा वेग आपल्याला हवा तसा कमी-जास्त करायचा.

परवा जेवताना तिला विचारलं, "अगं, सगळं जग इंटरनेट फास्ट करायला धडपडतंय आणि तुम्ही प्रकाशालाच ब्रेक लावताय?" तिनं सांगायला घेतलं. ग्रुप व्हेलॉसिटी, बँड एज, डिस्पर्शन... ताटातली भाकरी गार झाली तरी मला काही लागेना. शेवटी ती म्हणाली, "असू दे अण्णा." ते "असू दे" मला फार लागलं. पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसते. घरात एकाला तरी कळायला नको का, ती करते काय ते?

तर विचारणं एवढंच: प्रकाश हळू करून फायदा कुणाला आणि कसला? माझ्यासारख्याला समजेल असं सांगा. वेळ लागला तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

सातरस्ता
सोमवार, रात्री ९.५५

काका, आधी पुतणीचं अभिनंदन! पण मलाच एक शंका आहे. प्रकाशाचा वेग कधी बदलत नाही असं शाळेत शिकलो ना आपण? आइनस्टाईनचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मग तो कमी कसा होईल?

खडूफळा
सोमवार, रात्री १०.२०

सातरस्ता, तीस वर्षं नववी-दहावीला अपवर्तन शिकवलंय, म्हणून याचं उत्तर मी देते.

सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा वेग निर्वात पोकळीतला. १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावरून करतात, म्हणून त्याला दशांश चिन्हही नाही. पण प्रकाश पदार्थात शिरला की त्याची चाल मंदावते. पाण्यात सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर, फायबरच्या काचेत दोन लाखांच्या जरा वर. सिलिकॉनमधून आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश आरपार जातो, तिथं अपवर्तनांक, म्हणजे निर्वातापेक्षा प्रकाश कितीपट हळू तो आकडा, साधारण साडेतीन, म्हणून वेग ८६ हजार किलोमीटरच्या आसपास. पाण्याच्या पेल्यात तिरका ठेवलेला चमचा मोडल्यासारखा दिसतो, तो याच कारणानं.

आइनस्टाईननं घातलेली मर्यादा वरच्या बाजूची आहे. त्याहून जास्त नको. किती कमी चालेल, त्यावर कुणाचं बंधन नाही.

ओटीडीआर_वाला
सोमवार, रात्री १०.४१

बाई एकदम बरोबर. आपला रोजचा धंदा हाच आहे. फायबर तुटली की एका टोकातून प्रकाशाचा ठोका सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते ओटीडीआर नावाचं मशीन मोजतं आणि त्यावरून तुटलेली जागा काढतं. पण त्याच्यासाठी काचेत प्रकाश किती हळू चालतो ते मशीनला आधी सांगावं लागतं. साधारण १.४६८ भरतो आम्ही.

एकदा मोहोळकडच्या लाइनवर गेलतो. आधीच्या माणसानं मशीनमध्ये १.४५८ भरून ठेवलेलं, आमच्या ध्यानात आलं नाही. मशीन म्हणालं १८ किलोमीटरवर तुटलंय. भर उन्हात खड्डा मारला, केबल ठणठणीत! खरी तुटलेली जागा सव्वाशे मीटर अलीकडं निघाली. नुसता दुसऱ्या दशांशातला फरक बे. तेव्हापासून प्रकाशाच्या वेगाबद्दल मी लई काटेकोर झालोय.

मागवाला_पूर्वभाग
सोमवार, रात्री १०.५८

वा. हे कळलं. वेग कमी होऊ शकतो आणि रोजच्या कामात तो हिशेबात धरावा लागतो. पण ही काचेनं आपोआप केलेली मंदी झाली. ती मुद्दाम आणखी कमी कशासाठी करायची?

होटगी_ते_बंगळूर
सोमवार, रात्री ११.३०

काका, मी होटगी रोडचा, सध्या बंगळूरला डेटा सेंटरसाठी लागणारे ऑप्टिकल मॉड्यूल तपासण्याच्या कामात आहे. जमेल तसं लिहितो.

आधी नेटच्या वेगाचा गोंधळ सोडवू. तुमचा टॉवेलचा ट्रक मुंबईला ताशी ६० नं गेला की ८० नं, ही एक गोष्ट. रोज किती गाठी मुंबईत उतरल्या, ही दुसरी. नेटचा 'स्पीड' म्हणजे गाठींचा हिशेब. चिपमधल्या मिलिमीटरभर वाटेवर प्रकाश शंभरपट हळू चालवला तरी उशीर होतो एका सेकंदाच्या तीनशे कोटींव्या भागाइतका. व्हिडिओ बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता फायदा. तुमच्याकडं सूत रंगवताना ते टाकीत जास्त वेळ राहिलं की रंग गडद चढतो, बरोबर? सूत वेगानं ओढायचं असेल तर टाकी लांब लागते, हळू ओढलं तर आखूड टाकी पुरते. चिपवर तसंच आहे. प्रकाशावर संदेश उमटवणाऱ्या भागाला मॉड्युलेटर म्हणतात. विजेनं सिलिकॉनचा अपवर्तनांक किंचित बदलायचा आणि त्यातून प्रकाशाच्या लाटेला पुढं-मागं सरकवायचं. हा बदल इतका बारीक असतो की नेहमीच्या वेगानं जाणाऱ्या प्रकाशाला मिलिमीटरभर किंवा जास्त लांबीची 'टाकी' लागते. प्रकाश हळू केला की तेच काम काही शे मायक्रोमीटरांत होतं. चिपवर जागा वाचते, वीजही वाचू शकते.

शिवाय ठोका हळू झाला की तो लांबीत आखडतो, पुढचं टोक अडलं आणि मागचं येतंच राहिलं की होतं तसं. ऊर्जा थोड्या जागेत दाटते, त्यामुळं एरवी अगदी मंद असणारे परिणाम ठळक होतात. एखाद्या वायूचा किंवा द्रवाचा मागमूस ओळखणाऱ्या सेन्सरला हे फार उपयोगी आहे.

तिसरी गोष्ट दिशेची. जपानमध्ये योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीत तोशिहिको बाबा यांचा गट अशा मंद प्रकाशाच्या वाटेतून किरण वर बाहेर काढतो. तरंगलांबी जराशी बदलली की किरणाचा कोन बराच फिरतो. आरसा न हलवता समोरचं अंतर मोजणारं लायडार त्यातून बनवायचा प्रयत्न आहे.

सातरस्ता
सोमवार, रात्री ११.३८

रंगाच्या टाकीचं उदाहरण कडक! माझ्यासाठी धागा इथंच वसूल.

खडूफळा
मंगळवार, सकाळी ७.१५

रात्री झोप येईना म्हणून जुनी वही काढली. १९९९ साली लेने हाऊ या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत सोडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर इतके थंड केले आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरवर आणला. २००१ मध्ये त्यांच्याच गटानं प्रकाशाचा ठोका क्षणभर थांबवून पुन्हा सोडला. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, थांबलेला प्रकाश दिसतो कसा?" फार मोठा प्रश्न होता तो. थांबलेला प्रकाश दिसत नाही, कारण दिसायला तो डोळ्यापर्यंत यावा लागतो. प्रकाशाची खूण अणूंमध्ये उमटवून ठेवतात आणि दुसऱ्या किरणानं ती पुन्हा उठवतात. हे उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही, दोन दिवस वाचून मग दिलं.

ओटीडीआर_वाला
मंगळवार, सकाळी ८.०२

१७ मीटर म्हणजे ताशी ६१ किलोमीटर! पुणे रोडला एसटी ओव्हरटेक करंल की बे प्रकाशाला 😀

काठीवाला
मंगळवार, सकाळी ८.३०

मग चिपमध्ये पण तसंच थंड करतात का? का गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर माणूस गर्दीमुळं हळू चालतो, तसं प्रकाशाला दाटीवाटीच्या पदार्थातून नेतात?

होटगी_ते_बंगळूर
मंगळवार, दुपारी १.१०

चिपला थंड करावं लागत नाही, हाच तर तिचा मोठेपणा. साध्या खोलीच्या तापमानाला चालते.

पण गड्ड्याची उपमा मला पटत नाही. गर्दीत धक्के कुठूनही बसतात. प्रकाशाला असे वेडेवाकडे धक्के बसले तर तो हळू होत नाही, विखरून वाया जातो. इथं सगळी शिस्त आहे. सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्याला अगदी सारख्या अंतरावर भोकं पाडतात. प्रत्येक भोकावरून थोडा प्रकाश मागं फिरतो. अंतर प्रकाशाच्या लहरीशी जुळवलेलं असलं की मागं फिरलेल्या सगळ्या लहरी एकमेकींना साथ देतात. एका ठराविक रंगपट्ट्यात तर प्रकाशाला पुढं जायची वाटच उरत नाही. त्या बंदीच्या काठावर, म्हणजे अजून वाट आहे पण जेमतेम, अशा जागी प्रकाश अतिशय हळू सरकतो.

असल्या रचनेला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. १९८७ साली एली याब्लोनोविच आणि भारतीय वंशाचे सजीव जॉन या दोघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. २००५ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सिलिकॉन चिपवर प्रकाशाचा वेग ३०० पटींहून जास्त कमी करून दाखवला. त्याहून महत्त्वाचं, वाटेशेजारी इवलासा हीटर ठेवून तो वेग हुकमी बदलला. खर्च २ मिलिवॉट वीज, बदलायला लागलेला वेळ १०० नॅनोसेकंदांच्या आसपास. काकांच्या पुतणीच्या विषयात 'हवा तसा कमी-जास्त' आहे ना, ते हे.

आणि ३०० पट कमी म्हणजे किती? तरी सेकंदाला हजार किलोमीटर होतात. सोलापूर ते पुणे पाव सेकंदात.

खडूफळा
मंगळवार, दुपारी ३.४५

काठीवाला, गर्दी म्हणून नव्हे, पण यात्रेतलंच दुसरं उदाहरण घ्या. संक्रांतीला सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक निघते. काठी पेलणारा तोल सांभाळत तीन पावलं पुढं जातो, दोन मागं येतो. पाय सारखे चालू, मिरवणूक मात्र संथ. फोटॉनिक क्रिस्टलमध्ये पुढं जाणारी आणि मागं येणारी लहर जवळजवळ तुल्यबळ होतात. जो थोडा फरक उरतो, तेवढीच पुढची चाल.

काठीवाला
मंगळवार, दुपारी ४.००

बाई, हे काळजाला भिडलं. आमच्या घरात काठीचा मान आहे.

उलट_तपासणी
मंगळवार, रात्री ८.२०

सगळे फारच खुश दिसताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. बारा वर्षं टेलिकॉम नेटवर्क आखतोय. स्लो लाइटची गोष्ट सुरुवातीला विकली गेली ती 'ऑप्टिकल बफर' म्हणून. चौकात दोन डेटाची पाकिटं एकाच वेळी आली तर एकाला थोडं थांबवायचं, तेही प्रकाशाच्याच रूपात. ऐकायला छान. हिशेब करा.

नेहमीचं पाकीट १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला १० गिगाबिटनं ते जायला १.२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढं थांबवायला शंभरपट हळू प्रकाशालाही ३.६ मीटर लांब वाट लागेल. ती चिपवर गुंडाळली असं धरू. सेंटीमीटरला फक्त १ डेसिबल प्रकाश वाया जातो असं धरलं, तरी एकूण ३६० डेसिबल. दर १० डेसिबलला प्रकाशाचा दहावा भाग उरतो, म्हणजे आत सोडलेल्या प्रकाशाला एकावर ३६ शून्यांनी भागा. बाहेर एक फोटॉनही येत नाही. आणि साधी फायबर? २४० मीटरचं वेटोळं, गळती ०.०५ डेसिबलच्या आत.

शिवाय प्रकाश जितका हळू, तितका वापरता येणारा रंगपट्टा अरुंद. उशीर वाढवला की रुंदी जाते, रुंदी वाढवली की उशीर जातो. दोन्हींचा गुणाकार जागचा हलत नाही. माझ्या मते बफरचं स्वप्न सोडून द्यावं आणि मॉड्युलेटर, सेन्सर यांत जीव ओतावा. विद्यार्थिनीला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं, म्हणून लिहिलं. नाउमेद करायचा हेतू नाही.

होटगी_ते_बंगळूर
मंगळवार, रात्री ९.३५

आकडे बरोबर आहेत. मोठ्या पाकिटाच्या बफरबद्दल तुमच्याशी सहमत. पण 'गुणाकार जागचा हलत नाही' हे स्थिर रचनेला लागू आहे. प्रकाश आत शिरल्यावर दार लावून घेतलं तर? कॉर्नेल विद्यापीठात मिशाल लिप्सन यांच्या गटानं २००७ मध्ये चिपवर तेच केलं. दोन कड्यांच्या आकाराच्या वाटा एकमेकींशी जुळवल्या, प्रकाश आत आल्यावर त्यांचा सूर, म्हणजे कडी ज्या तरंगलांबीला साथ देते ती, झटकन बदलला, प्रकाश अडकला. नंतर पुन्हा बदलून सोडला. वेळ अगदी थोडा, पण ती मर्यादा ओलांडता येते हे दिसलं.

त्याच वर्षी आयबीएमनं १०० पर्यंत कडी एकामागं एक जोडून ५०० पिकोसेकंदांहून जास्त उशीर मिळवला, दहा बिट मावतील एवढा. चिपवरची जागा चौरस मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. तुमच्या १२,००० बिटांपुढं दहा म्हणजे काहीच नाही, हे मान्य. पण प्रत्येक थांबा पूर्ण पाकिटाएवढाच लागतो असं नाही. दोन ठोक्यांचं टायमिंग जुळवायला किंवा अँटेनांच्या ओळीतून किरण वळवायला काही पिकोसेकंदच पुरतात.

आणि सिडनी विद्यापीठात २०१७ मध्ये तिसरीच वाट काढली. चिपवर प्रकाशाचा संदेश ध्वनीच्या लहरीत उतरवला, काही नॅनोसेकंदांनी पुन्हा प्रकाशात आणला. ध्वनी प्रकाशाच्या लाखपट हळू, म्हणून तेवढ्या वेळात तो जागचा फारसा हलतच नाही. मला ती कल्पना अतिशय सुंदर वाटते.

उलट_तपासणी
मंगळवार, रात्री ९.५०

सिडनीचं माहीत नव्हतं. वाचतो. 'सोडून द्यावं' हा शब्द मागं घेतो, 'मोठ्या पाकिटापुरतं' असं वाचावं.

ओटीडीआर_वाला
मंगळवार, रात्री १०.१५

एक साधा प्रश्न. आपल्या मे महिन्यात ४३-४४ डिग्री असतंय. पत्र्याच्या खोलीतल्या रॅकमध्ये तर बोलायलाच नको. असल्या ऊन-थंडीत ही चिप टिकंल का?

होटगी_ते_बंगळूर
मंगळवार, रात्री १०.४०

साधा नाही, माझ्या कामातला सगळ्यात त्रासाचा प्रश्न विचारलात!

सिलिकॉन तापलं की त्याचा अपवर्तनांक वाढतो. दर अंशाला दहा हजारांत दोनपेक्षाही कमी, पण कडीसारख्या रचनेला तेवढंही पुष्कळ. कडीचा 'सूर' दर अंशाला साधारण ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकतो. मध्यम प्रतीच्या कडीची सुराची खिडकी असते जेमतेम ०.१५ नॅनोमीटर रुंद. म्हणजे दोन अंश बदलले की ठरलेला प्रकाश खिडकीबाहेर. जानेवारीतली सोलापूरची १५ अंशांची पहाट आणि मेमधली ४३ अंशांची दुपार यांत २८ अंशांचा फरक, सूर दोन नॅनोमीटर सरकला. अशा तेरा-चौदा खिडक्या ओलांडून गेला.

म्हणून प्रत्येक कडीशेजारी छोटा हीटर असतो आणि प्रकाश मोजून तो सतत कमी-जास्त करणारं सर्किट. गंमत अशी की, बाहेर कितीही ऊन असलं तरी आम्ही चिपला त्याहून जरा जास्तच गरम ठेवतो, कारण हीटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. जो गुण त्रास देतो, त्याच गुणावर वेगाचं बटण चालतं.

सातरस्ता
मंगळवार, रात्री १०.५२

४४ डिग्रीत आणखी हीटर लावणारी माणसं! आमच्याकडं कूलरला पाणी नाही. नळ पाच दिवसांनी येतोय.

काठीवाला
मंगळवार, रात्री १०.५५

आमच्या भागात तर सहाव्या दिवशी आला. उजनीत पाणी असलं तरी घरची टाकी मोठी पाहिजे, नाहीतर हाल.

सातरस्ता
मंगळवार, रात्री ११.०१

टाकी म्हणजेच बफर बघा. उलट_तपासणी साहेब, सोलापूरकराला बफर सोडून द्या म्हणून कधी सांगू नका 🙏

जाळीदार_सिलिकॉन
बुधवार, रात्री १२.२०

नमस्कार. मी ती पुतणी. अण्णांनी धागा काढलाय हे मला आज काकूंकडून कळलं. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. काय लिहावं सुचत नाहीये. मी "असू दे" म्हटलं ते अण्णांना कळणार नाही म्हणून नव्हतं. मलाच नीट सांगता येईना म्हणून होतं. रंगाची टाकी मला सुचायला हवी होती, लहानपणापासून बघतेय.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगते. २२० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉनचा पापुद्रा. त्यात ४२० नॅनोमीटर अंतरानं त्रिकोणी मांडणीत भोकं, प्रत्येक सुमारे २५० नॅनोमीटर व्यासाचं. मधली एक ओळ न पाडता सोडायची. ती सोडलेली ओळ म्हणजे प्रकाशाची वाट. हे सगळं मी 'मीप' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर गणितानं करते, प्रत्यक्ष चिप अजून नाही.

उलट_तपासणी सर, तुमचा मुद्दा हाच माझा खरा प्रश्न आहे. बंदीच्या अगदी काठावर प्रकाश खूप हळू होतो, पण वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगानं जातात आणि ठोका फाटतो. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या दोन ओळी थोड्या सरकवायच्या. मग ठराविक पट्ट्यात सगळे रंग साधारण एकाच मंद वेगानं जातात. थॉमस क्राउस यांच्या गटानं २००८ मध्ये याची पद्धत लिहून दिली, मी तिच्यावर चाललेय. मला शंभरपट नकोय. पस्तीसपट, पण सपाट आणि रुंद पट्ट्यात, एवढं मिळालं तरी मॉड्युलेटरला पुष्कळ.

अडतंय ते एकाच ठिकाणी. गणितातली भोकं गोल गुळगुळीत असतात. खऱ्या चिपवर कडा काही नॅनोमीटर खडबडीत राहतात. नेहमीच्या प्रकाशाला ते फारसं जाणवत नाही, पण मंद प्रकाश तिथं रेंगाळतो, म्हणून प्रत्येक खोट त्याला जास्त बोचते. मागं विखरून जाणारा प्रकाश तर मंदपणाच्या जवळपास वर्गानं वाढतो. दुप्पट हळू केला की चौपट.

मागवाला_पूर्वभाग
बुधवार, सकाळी ६.५०

बाळ, सकाळी उठून वाचलं. चहा घेतला नाही अजून.

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, मनापासून आभार. आता मला जे समजलं ते माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर बिनधास्त सांगा.

एक. जकॉर्डच्या कार्डात भोक कुठं आहे, त्यावर कुठला धागा उचलायचा ते ठरतं. आता निम्म्या मागांवर इलेक्ट्रॉनिक जकॉर्ड आलं, पण माझ्या वडिलांच्या काळात पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असायची. एक भोक चुकलं की चादरीवरचं अख्खं फूल बिघडायचं, आणि ते प्रत्येक चादरीत बिघडायचं. ही पोरगी सिलिकॉनवर तेच करतेय. भोकं सांगतात, कुठला प्रकाश जाईल आणि कसा.

दोन. बाईंनी पुढं तीन, मागं दोन पावलांचं सांगितलं. मला मात्र रात्रभर धोटा दिसत होता. जुन्या मागावर धोटा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं सपासप पळतो, डोळा ठरत नाही. कापड मात्र पुढं सरकतं सुताएवढं. धोट्याचा वेग वेगळा आणि कापडाचा वेग वेगळा. प्रकाश त्या वाटेत धोट्यासारखा पळतो आणि आपण मोजतो तो कापडाचा वेग. असं आहे का?

होटगी_ते_बंगळूर
बुधवार, सकाळी ९.०५

काका, धोटा आडवा पळतो आणि कापड पुढं जातं. मी सांगितलेल्या प्रकारात प्रकाश त्याच वाटेवर पुढं-मागं होतो, त्यामुळं बाईंची मिरवणूक जास्त जवळची वाटते मला. पण पुतणीनं सांगावं.

जाळीदार_सिलिकॉन
बुधवार, सकाळी ९.४०

दादा, दोन्ही बरोबर आहेत! या वाटेत प्रकाश मंद व्हायचे दोन प्रकार आहेत. एक बाईंचा, पुढं-मागं येणाऱ्या लहरी तुल्यबळ होण्याचा. दुसऱ्यात प्रकाश वाटेच्या दोन्ही बाजूंच्या भोकांच्या भिंतींवर जवळजवळ काटकोनात आपटत राहतो. डावी भिंत, उजवी भिंत, डावी, उजवी, आणि प्रत्येक फेरीत पुढं सरकतो अगदी थोडा. साध्या काचेच्या वाटेत इतक्या उभ्या कोनात आपटलेला प्रकाश भिंतीतून बाहेर निघून गेला असता. फोटॉनिक क्रिस्टलची भिंत कुठल्याही कोनातून त्याला परत पाठवते, म्हणून हे जमतं.

हा दुसरा प्रकार म्हणजे अण्णांचा धोटाच. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी आकृती काढणार होते, आता मागाचीच काढते.

खडूफळा
बुधवार, सकाळी १०.१०

काढच. आणि आकृतीखाली लिही की कल्पना कुणाची.

उलट_तपासणी
बुधवार, सकाळी १०.३०

पस्तीसपट आणि सपाट पट्टा, हे ध्येय अगदी योग्य आहे. चिप बनवायचं काय ठरलंय? सोलापुरात तर होणार नाही.

जाळीदार_सिलिकॉन
बुधवार, दुपारी १२.१५

नाही सर. एवढी बारीक भोकं इलेक्ट्रॉनच्या झोतानं पाडावी लागतात. बंगळूरच्या आयआयएससी आणि आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळा बाहेरच्या कॉलेजातल्या मुलांनाही काम करू देतात, त्यासाठी सरकारी कार्यक्रम आहे. अर्ज तयार करतेय. तोवर मार्गदर्शक सरांनी सांगितलंय की निदान साध्या फायबरमधला वेग स्वतःच्या हातानं मोजून पाहा, म्हणजे 'ग्रुप इंडेक्स' (ठोका निर्वातापेक्षा कितीपट हळू जातो तो आकडा) हा नुसता वहीतला शब्द राहणार नाही. पण विभागात ओटीडीआर नाही.

ओटीडीआर_वाला
बुधवार, दुपारी १२.२१

ताई, मी काय मेलोय का? रविवारी मोकळाच आहे. मशीन आणतो, २ किलोमीटर फायबरचा स्पूल पण आणतो. लांबी त्याच्यावर छापलेली असते, वेळ मशीन दाखवंल, भागाकार तुम्ही करा.

जाळीदार_सिलिकॉन
बुधवार, दुपारी १२.३०

खरंच याल? रविवारी विभाग उघडा ठेवायची परवानगी मी आजच घेते. अण्णा पण येणार म्हणताहेत.

ओटीडीआर_वाला
बुधवार, दुपारी १२.३४

या की सगळे. बाई, तुम्ही पण या, तुमच्या त्या मागच्या बाकावरच्या पोराला पण बोलवा. ताई, तुमच्याकडं कनेक्टर कुठला आहे, एससी का एफसी? त्याप्रमाणं पॅचकॉर्ड घेतो.

जाळीदार_सिलिकॉन
बुधवार, दुपारी १२.५०

एफसी. अकरा वाजता मुख्य गेटवर थांबते.